रहस्य, गूढ, गूज : एका शब्दकुळाची उलटापालट

मराठी प्रकाशकांच्या याद्यांत आणि सार्वजनिक वाचनालयांच्या कपाटांवर 'रहस्यकथा' आणि 'गूढकथा' या दोन संज्ञा दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. त्यांतील भेद सामान्य वाचकाला शिकवावा लागत नाही. खून कोणी केला, दागिने कोठे गेले, मुखवट्यामागे कोण होते या प्रश्नांचे उत्तर शेवटच्या पानावर मिळणार असेल, तर ती रहस्यकथा. पुस्तक मिटल्यावरही काहीतरी शिल्लक राहणार असेल, ज्याला उत्तर म्हणावे असे काही हाती लागणारच नसेल, तर ती गूढकथा. समीक्षाव्यवहाराने या भेदाला हळूहळू मूल्यभेदाचे रूप दिले. 'रहस्य' म्हणजे युक्ती, करमणूक, उसने कुतूहल. 'गूढ' म्हणजे खोली, अस्तित्वाचा तळ, अर्थाची अनेकपदरी शक्यता. एखाद्या कथेला 'गूढ' म्हटले की ती साहित्याच्या उंबरठ्याच्या आत येते आणि 'रहस्यमय' म्हटले की बाहेरच्या ओटीवर बसते, ही आपल्या समीक्षेची सवय आहे. या सवयीला भाषेच्या इतिहासात काही आधार आहे काय, हे येथे तपासावयाचे आहे. लेखाच्या आरंभीच सांगून टाकावयाचे तर, आधार नाही. इतकेच नव्हे, तर इतिहास जवळजवळ नेमका उलटा आहे.

कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त हेरांना 'गूढपुरुष' म्हटले आहे. त्यांची निवड कशी करावी, त्यांना कोठे पेरावे, कोणत्या वेषात ठेवावे याची चर्चा पहिल्याच अधिकरणात येते. संन्यासी, गृहस्थ, व्यापारी, तापस अशी सोंगे घेऊन हे गूढपुरुष राज्यभर वावरतात. म्हणजे आज आपण ज्याला रहस्यकथेचा नायक म्हणू, तो गुप्तहेर मूळच्या शब्दव्यवस्थेत 'गूढ' या बाजूला उभा होता. उलट 'रहस्य' हा शब्द त्याच काळच्या व त्यापूर्वीच्या वाङ्मयात उपनिषदांसाठी वापरलेला दिसतो. 'मनुस्मृती'च्या दुसऱ्या अध्यायात आचार्याची व्याख्या करताना कल्पासह आणि रहस्यासह वेद शिकविणारा असे म्हटले आहे. टीकाकार मेधातिथी तेथे रहस्याचा अर्थ उपनिषदे असा करतो. हेराला गूढ आणि ब्रह्मविद्येला रहस्य म्हणणारी भाषा दोन सहस्रके उलटताना हेराच्या गोष्टीला रहस्यकथा आणि ब्रह्मानुभवाच्या कवितेला गूढकाव्य म्हणू लागली. ही अदलाबदल कशी झाली, आणि ती होताना काय गळून पडले, हा खरा प्रश्न आहे.

व्युत्पत्तीने सर्व प्रश्न सुटत नाहीत, परंतु येथे ती बरेच सांगते. 'गुह्' म्हणजे झाकणे. त्याचे कर्मणि भूतकालवाचक रूप 'गूढ', म्हणजे झाकले गेलेले. आणि 'गुह्य' म्हणजे झाकावे असे. एकात घडून गेलेली गोष्ट आहे, दुसऱ्यात कर्तव्य आहे. 'गुप्' या धातूचा अर्थ राखणे, सांभाळणे. भाषाशास्त्रज्ञांच्या मते हा धातूच मुळी 'गोप' या शब्दावरून मागाहून घडलेला आहे. गाई राखणाऱ्याच्या कामातून राखण्याची क्रिया आणि राखण्यातून लपविणे असा अर्थ सरकत गेला. 'गुप्त', 'गुपित', 'गोपनीय' ही सारी मंडळी त्या गुराख्याच्या घरची. 'रहस्य' मात्र या दोन्ही कुळांतले नाही. 'रहस्' म्हणजे एकांत. रहस्य म्हणजे एकांतातले. त्यात झाकणे नाही आणि राखणेही नाही, एका जागेची कल्पना आहे. एकांताला निदान दोन माणसे लागतात, असे म्हणण्याचा मोह होतो. निदान रहस्य या शब्दाच्या जुन्या उपयोगात तरी ती नेहमी दोन असतात, एक सांगणारा आणि एक ऐकणारा.

महाभारताच्या आदिपर्वात द्रोण परशुरामाकडे जातो तेव्हा परशुरामाने सर्व धन देऊन टाकलेले असते. उरली असतात ती अस्त्रे आणि शरीर. द्रोण अस्त्रे मागतो, पण नुसती मागत नाही. प्रयोगासह आणि रहस्यासह मागतो. येथे रहस्य म्हणजे लपविलेली वस्तू नव्हे, वस्तू चालविण्याचे अंतर्गत ज्ञान होय. ते नसेल तर काय होते हे सौप्तिकपर्वात दिसते. अश्वत्थामा अस्त्र सोडतो आणि ते परत घेणे त्याला साधत नाही. म्हणजे रहस्य हे माहितीपेक्षा सामर्थ्याच्या आणि जबाबदारीच्या जवळचे होते. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'चा जो एकमेव भाग आज उपलब्ध आहे त्याचे नाव 'कविरहस्य' असे आहे. काव्याच्या अगम्य मूलस्रोताविषयी काही हाती लागेल या अपेक्षेने तो वाचणाऱ्याची निराशा होते. कवीने दिवसाचे प्रहर कसे वाटून घ्यावेत, दुसऱ्याच्या काव्यातून काय व किती घ्यावे, देशांचे आणि ऋतूंचे वर्णन करताना कोणते संकेत पाळावेत, असा त्यातील मजकूर आहे. रहस्य म्हणजे येथे चक्क कारागिरीची आतली बाजू. भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात कृष्ण आपल्या सांगण्याला उत्तम रहस्य म्हणतो आणि ते अर्जुनाला सांगण्याचे कारणही देतो : तो भक्त आहे आणि सखा आहे. विषयाच्या दुर्बोधतेमुळे ते रहस्य ठरत नाही. ऐकणाऱ्याशी असलेल्या नात्यामुळे ठरते.

संस्कृत काव्यशास्त्राने 'गूढ' या शब्दाविषयी दाखविलेली सावधगिरीही लक्षात घेण्याजोगी आहे. भरताने सांगितलेल्या दहा काव्यदोषांत 'गूढार्थ' हा एक दोष आहे. साधी गोष्ट आडवळणाच्या पर्यायशब्दांनी सांगणे असे त्याचे स्वरूप. पुढे ध्वनिसिद्धान्त प्रस्थापित झाल्यावर मम्मटाने गुणीभूतव्यंग्याचे आठ प्रकार मानले, त्यांतला पहिला 'अगूढ'. व्यंग्यार्थ अगदीच उघडा पडला तर काव्याची प्रत खालावते. या ठिकाणी तो जी उपमा देतो ती कामिनीच्या झाकल्या अंगाची आहे, आणि पाहणारा पुरुष आहे हे त्या काळी सांगण्याची कोणाला गरज वाटली नाही. महत्त्वाचे हे की गूढता हा येथे गुण नाही आणि दोषही नाही. ते प्रमाण आहे. फार झाले तर भरताचा दोष लागतो, फार कमी पडले तर मम्मटाचा. आधुनिक मराठी समीक्षेने 'गूढ' हे विशेषण प्रशंसेसाठी वापरताना हा प्रमाणाचा विचार सोडून दिला, असे मला वाटते.

प्राकृताच्या वाटेने मराठीत आलेल्या शब्दाची कहाणी याहून वेगळी, आणि माझ्या मते सर्वांत बोलकी आहे. 'गुह्य'चे प्राकृतात 'गुज्झ' झाले आणि मराठीत 'गूज'. एकाच शब्दाची ही दोन रूपे, तत्सम आणि तद्भव, आज एकमेकांना ओळखतही नाहीत. तत्सम 'गुह्य' आज पोथीत तरी राहिले आहे किंवा 'गुह्यांग' या वैद्यकीय शब्दात. तद्भव 'गूज' मात्र उबदार राहिले. मैत्रिणी गूज करतात, माहेरवाशीण आईशी हितगुज करते. 'हितगुज' या समासात लपविण्याजोगे असे बहुधा काही नसतेच. सासरचे दुखणे, मुलाचे दात, भावकीतले कज्जे. जे सर्वांना ठाऊक आहे तेच पुन्हा हलक्या आवाजात बोलले जाते. आशय उडून गेला तरी एकांत उरला, आणि त्या एकांतालाच अर्थ आला. संस्कृतात 'रहस्य' या शब्दाने जे काम केले ते मराठीच्या बोलीत 'गूज' करीत राहिले. हा वारसा शास्त्र्यांनी जपला नाही, बायकांच्या बोलण्याने जपला.

'ज्ञानेश्वरी' (शके १२१२) या संदर्भात पुन्हा वाचावी. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ज्ञानदेव आपली गुरुपरंपरा सांगतात. क्षीरसागराच्या परिसरात शिवाने शक्तीच्या कानात जे सांगितले, ते माशाच्या पोटात दडलेल्या मत्स्येंद्राला लाभले. या कथेत रहस्याच्या जुन्या व्यवस्थेला एक भेग पडलेली आहे. दोघांच्या एकांतात तिसरा आहे, आणि तो निमंत्रित नाही. ज्या ज्ञानावर पुढे एक संप्रदाय उभा राहिला ते चोरून ऐकलेले ज्ञान आहे. मत्स्येंद्रापासून गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी ती परंपरा खाली येते, आणि कलीने गांजलेल्या जीवांना हे लवकर पोचवावे अशी आज्ञा तिच्यातूनच मिळते. म्हणजे ज्ञानदेवांच्या हातून जे घडले ते गुह्याचा भंग म्हणून नव्हे, गुह्याची परिणती म्हणून मांडले जाते. नवव्या अध्यायातील 'राजगुह्य' मराठी ओवीत येणे या घटनेचे गांभीर्य आपण 'लोकभाषेत तत्त्वज्ञान' अशा सुटसुटीत वाक्याने घालवून टाकतो. ज्याला 'झाकावे असे' हेच नाव आहे ते उघडे करताना नाव तेच ठेवायचे, हा ताण ओवीत जाणवत राहतो.

महानुभावांनी याच शतकात हा ताण वेगळ्या रीतीने हाताळला. संस्कृतात लिहू पाहणाऱ्या शिष्याला नागदेवाचार्यांनी अडविले. आपल्या पंथातल्या म्हाताऱ्या स्त्रिया त्यामुळे वंचित होतील हे त्यांचे कारण 'स्मृतिस्थळा'त नमूद आहे. भाषेच्या बाबतीत इतका मोकळेपणा दाखविणाऱ्या पंथाने पुढे आपले ग्रंथ 'सकळी', 'सुंदरी' अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. यामागील कारणांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, परिणामाविषयी नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांची किल्ली पंथाबाहेरच्या संशोधकांच्या हाती येईपर्यंत मराठीचे आद्य गद्य उर्वरित मराठी समाजाला जवळजवळ अज्ञात राहिले. येथे 'रहस्य' आणि 'कूट' यांतला फरक स्पष्ट होतो. रहस्य नात्याने मिळते. कूट किल्लीने उघडते. किल्ली चोरता येते, विकत घेता येते, बुद्धीने घडविताही येते. मुक्ताबाईच्या नावावर असलेल्या, आकाशात उडणाऱ्या मुंगीच्या अभंगाला आपण 'कूट' म्हणतो खरे. परंतु त्याला जेव्हा शब्दागणिक किल्ली लावली जाते, मुंगी म्हणजे अमुक आणि सूर्य म्हणजे तमुक, तेव्हा अभंग निष्प्राण होतो, हे प्रत्येक वर्गात शिकविणाऱ्याने अनुभवलेले असते.

एकांताचे नाते म्हणून रहस्याचा गौरव करताना त्या नात्याच्या दाराबाहेर कोण उभे होते हे विसरून चालणार नाही. भक्त आणि सखा यांना सांगावयाचे याचा दुसरा अर्थ इतरांना सांगावयाचे नाही. अधिकारभेदाची सारी यंत्रणा या एका शब्दाच्या आडोशाने चालली. महात्मा फुले यांनी १८६९ मध्ये 'ब्राह्मणांचे कसब' हा पवाडा लिहिला. शीर्षकातला 'कसब' हा अरबीतून आलेला, बाजारात आणि कारखान्यात रुळलेला शब्द आहे. हातातले कौशल्य आणि लबाडी असे दोन्ही अर्थ त्यात राहतात. राजशेखराच्या 'कविरहस्या'त रहस्याचा अर्थ कारागिरीची आतली बाजू असा होता, हे आठवले की फुल्यांची शब्दनिवड किती नेमकी होती ते लक्षात येते. पुरोहित ज्याला रहस्य म्हणून दक्षिणा घेतो त्याचे बिनसोवळ्यातले नाव कसब असे आहे. १८५५ च्या 'तृतीय रत्न' या नाटकातही जोशी कुणबी जोडप्याला ग्रहांच्या नावाने जे सांगतो ते दुर्बोध म्हणून चालत नाही; विचारण्याची सोय नाही म्हणून चालते. फुल्यांनी रहस्याचे उत्तर दिले नाही. ज्या एकांतात ते सांगितले जाते त्या एकांताचीच त्यांनी झडती घेतली.

यानंतर सेहेचाळीस वर्षांनी, १९१५ मध्ये, लोकमान्य टिळकांचा 'श्रीमद्भगवद्गीतारहस्य अथवा कर्मयोगशास्त्र' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मंडालेच्या तुरुंगात, म्हणजे सक्तीच्या एकांतात, तो लिहिला गेला. टिळकांचे 'रहस्य' अद्याप जुन्या अर्थाचे आहे : ग्रंथाचे मर्म, तात्पर्य, त्याची चालक शक्ती. परंतु सांगण्याची रीत बदलली. मीमांसकांच्या पद्धतीने उपक्रम-उपसंहार तपासून, पाश्चात्त्य नीतिशास्त्राशी तुलना करून, पुरावे मांडून ते सिद्ध केले आहे. ऐकणारा सखा येथे नाही. छापील प्रत विकत घेणारा अनोळखी वाचक आहे आणि त्याला पटवून द्यावयाचे आहे. 'रहस्य' हा शब्द मोठ्या मराठी ग्रंथाच्या शीर्षकात आपल्या जुन्या अर्थाने दिमाखाने वावरला तो बहुधा याच वेळी शेवटचा. आणि त्याच वेळी पुराव्याने रहस्य सिद्ध करावयाचे ही नवी सवयही त्याच्या अंगी लागली. ही सवय पुढे दुसऱ्याच एका वाङ्मयप्रकाराने उचलली, हा योगायोग गमतीचा आहे.

तो वाङ्मयप्रकार परदेशातून आला, पण नाव घेऊन आला नाही. एझेन स्यू याच्या पॅरिसवरील कादंबरीने (१८४२–४३) युरोपात शहरांच्या 'मिस्टरीज' लिहिण्याची लाट उसळली. रेनॉल्ड्सने लंडनवर तशा कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या हिंदुस्थानात अफाट वाचल्या गेल्या. हरिभाऊ आपटे यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' १८८५ मध्ये 'पुणे वैभव' पत्रातून येऊ लागली. तिला रेनॉल्ड्सच्या 'मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन'चा आधार होता. मूळ शीर्षकातली 'मिस्टरी' हरिभाऊंनी रहस्य म्हणून घेतली नाही, गूढ म्हणूनही नाही. तिच्या जागी एका समाजाच्या संक्रमणाचे नाव आले. इंग्रजी राज्य स्थिरावताना पुण्याच्या मध्यमवर्गात जे बिघडत होते ते झाकलेले नव्हतेच. त्याला फक्त नाव नव्हते. 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांच्या 'अद्भुता'तून मराठी कादंबरी जेव्हा बाहेर पडली तेव्हा वास्तवाच्या आड काही दडले आहे ही कल्पना तिने नाकारली, ही घटना आपल्या कादंबरीच्या इतिहासात पुरेशी नोंदली गेलेली नाही.

नाकारलेली कल्पना दुसऱ्या दाराने परतली. गुप्तहेराच्या कथांसाठी मराठीने 'रहस्यकथा' हा शब्द रूढ केला आणि बाबूराव अर्नाळकर यांनी त्या शब्दाला घराघरात नेले. झुंजार, काळापहाड, धनंजय यांच्या हजाराहून अधिक पुस्तकांनी, पैसे भरून घरी पुस्तके देणाऱ्या वाचनालयांच्या द्वारे, मराठी वाचकांच्या एका मोठ्या वर्गाला पुस्तक हातात धरावयास शिकविले. १९९६ मध्ये अर्नाळकर गेले तेव्हा वाङ्मयेतिहासाने त्यांना दिलेली जागा आणि वाचकांच्या आठवणीतली त्यांची जागा यांचे प्रमाण अगदी विषम होते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे शब्दाबरोबर येणारे क्रियापद या काळात बदलले. पूर्वी रहस्य 'सांगत' असत, 'देत' असत, ते 'लाभत' असे. आता ते 'उलगडते', 'उकलते', त्याचा 'भेद' होतो. सांगणारा नाहीसा झाला. ज्याला सांगावयाचे नव्हते त्याने ते शोधून काढावे, असा नवा करार झाला. परशुराम देणारा होता, द्रोण मागणारा होता. येथे एक लपविणारा आहे आणि दुसरा पकडणारा. रहस्य नात्यातून निघाले आणि खटल्यात गेले. जुन्या अर्थाचा एक तुकडा मात्र भलत्याच ठिकाणी शाबूत राहिला : 'यशाचे रहस्य', 'दीर्घायुष्याचे रहस्य', 'नितळ त्वचेचे रहस्य'. मुलाखतकार आणि जाहिरातदार आजही रहस्य 'विचारतात' आणि 'सांगतात', आणि त्यांना अभिप्रेत असतो तो राजशेखराचाच अर्थ.

दुसऱ्या बाजूला, केशवसुत, बालकवी, तांबे, बी यांच्या काही कवितांसाठी मराठी समीक्षेने 'गूढगुंजन' हा शब्द प्रचारात आणला आणि 'मिस्टिसिझम'साठी 'गूढवाद'. हिंदीत याच कल्पनेसाठी 'रहस्यवाद' हा शब्द स्थिरावला; रामचंद्र शुक्लांचे 'काव्य में रहस्यवाद' हे पुस्तक १९२९ चे आहे. हिंदीत हेरकथेला 'जासूसी' हे फारसी वळणाचे नाव मिळालेले होते. गोपालराम गहमरींचे 'जासूस' हे मासिक १९०० पासून निघत होते, त्यामुळे 'रहस्य' हा शब्द कबीर आणि छायावाद यांच्यासाठी मोकळा राहिला. मराठीत तो गुंतत गेला. दोन शेजारी भाषांनी एकाच संस्कृत भांडवलातून उलटसुलट वाटण्या केल्या, यावरून एवढे निश्चित दिसते की 'गूढ' या शब्दात उपजत कोणतीही आध्यात्मिक खोली नाही. मराठी समीक्षकाला जी खोली त्या शब्दात दिसते ती वाटणीच्या हिशेबातून आलेली आहे. 'गुंजन' या जोडशब्दाकडेही पाहावे. गूज हे कोणाला तरी सांगितले जाते. गुंजन भुंग्याचे असते, त्याला श्रोता लागत नाही. ऐकणारा येथेही गळाला. बींच्या 'चाफा' या कवितेवर अर्थनिर्णयाचे जे वाद झाले त्यांत चाफा म्हणजे कोण, याची चर्चा पुष्कळ झाली; ती कविता कोणाशी बोलते, याची कमी.

'गूढकथा' ही संज्ञा या गूढगुंजनाच्या वारशावर आणि मासिकांच्या बाजारपेठेवर एकदम उभी राहिली. अनंत अंतरकरांच्या 'नवल' मासिकाने अशा कथेला घर दिले. त्याने निवडलेले नाव गूढ नव्हते, रहस्यही नव्हते, सरळ नवलाचे होते, हे त्यांच्या संपादकीय कानाचे लक्षण आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी ती कथा आपापल्या परीने वाढविली. मात्र जी. ए. कुलकर्णी यांच्या 'पिंगळावेळ' (१९७७) मधील कथांना समीक्षेने 'गूढ' हे विशेषण लावले तरी 'गूढकथा' हा समास लावला नाही. विशेषण मानाचे, समास बाजाराचे, अशी ही व्यवस्था. धारपांच्या एखाद्या कथेत वाचकाला जो प्रश्न पडतो आणि जी. ए. यांच्या कथेत जो पडतो त्यांत भेद आहे, हे मी नाकारीत नाही. तो भेद सांगण्यासाठी 'गूढ' हा शब्द पुरेसा नाही, इतकेच. तो वापरला की समीक्षकाचे काम झाल्यासारखे वाटते. झाकलेल्याकडे बोट दाखविले, आता उघडण्याची जबाबदारी नाही.

वृत्तपत्रांनी तर ही समीक्षकी वाटणी कधी मानलीच नाही. 'मृत्यूचे गूढ कायम', 'खुनाचे गूढ उकलले', 'स्फोटाचे गूढ वाढले' अशा मथळ्यांत गूढ हे पोलीस चौकीच्या दप्तरातले नाम आहे. दैनंदिन मराठीत तर गुपिताविषयी बोलताना या दोन्ही संस्कृत शब्दांची फारशी गरज पडत नाही. 'खरी मेख इथेच आहे', 'यात काहीतरी गोम आहे', 'कुठेतरी पाणी मुरतंय', 'बिंग फुटलं'. हे सारे शब्द हाताला लागणाऱ्या वस्तूंचे आहेत. मेख ठोकणारा कोणीतरी असतो. पाणी मुरते तेव्हा भिंत कोठेतरी तडकलेली असते. बोलणारा झाकलेल्याकडे भयाने किंवा आदराने पाहत नाही, संशयाने पाहतो. 'गौडबंगाल' या शब्दात एक आख्खा देश येतो. मालू नरहरीच्या 'नवनाथ भक्तिसारा'त (शके १७४१) गोपीचंद हा गौडबंगालचा राजा जालंदरनाथाला खड्ड्यात पुरून ती गोष्ट दडवितो, ही कथा श्रावणात पोथी ऐकणाऱ्यांना पाठ असते. आज तो शब्द टेंडर, भूखंड आणि भरती यांच्या बातम्यांत येतो. जादू गेली, पुरून टाकणे राहिले.

राज्ययंत्रणेची भाषा याहून निराळी. तिच्यात 'रहस्य' नाही आणि 'गूढ'ही नाही. आहेत ते 'गुप्' धातूचे, राखणीचे शब्द. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात, कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल लिहिला जातो. १९२३ चा कायदा मराठीत 'शासकीय गुपिते अधिनियम' म्हणून ओळखला जातो. 'गुपित' हा शब्द मुले खेळताना वापरतात, त्यामुळे या नावावर प्रथम हसू येते. नंतर तितकेसे येत नाही. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने आपल्या तरतुदी या अधिनियमापेक्षा वरचढ ठरविल्या. गुराख्याला राखण्याचा अधिकार कोणी दिला, हा प्रश्न फुल्यांनी पोथीला विचारला होता. दीडशे वर्षांच्या आतच तो साध्या अर्जावर दप्तराला विचारता येऊ लागला.

या शब्दकुळातला 'उखाणा' शेवटी पाहण्यासारखा आहे, कारण तो कोणत्याच वाटणीत बसत नाही. 'उपाख्यान' शब्दापासून आलेला हा शब्द मूळचा कोड्याचा. कोकणात आणि गोव्यात त्याच कामी 'हुमाण' शब्द चाले. दंडीने 'काव्यादर्शा'त प्रहेलिकांचे सोळा प्रकार मानले आणि त्यांचे तीन उपयोग सांगितले : गोष्ठीतला विनोद, गर्दीत दोघांना आपसात बोलता येणे आणि इतरांना चकविणे. विश्वनाथाने मात्र रसाला बाधक म्हणून प्रहेलिकेला अलंकारांच्या पंक्तीत बसू दिले नाही. शास्त्राने उठविलेली ही प्रहेलिका मराठी घरात नवऱ्याचे नाव घेण्याच्या रीतीत येऊन बसली. पत्नीने पतीचे नाव उच्चारू नये असा दंडक होता. ते नाव यमकात दडवून, चार बायकांच्या आग्रहावरून, लाजत आणि ठसक्यात उच्चारायचे. नाव सर्वांना ठाऊक असते. लपविण्याजोगी माहिती नाही, सोडविण्याजोगे कोडे नाही, तळाशी काही खोल असेल अशी शंकाही नाही. तरी ऐकणाऱ्या बायका अडवून धरतात, आणि ते नाव येईपर्यंत दार सोडत नाहीत. आता पत्नी पतीला नावाने हाक मारते, उखाण्यांची तयार पुस्तके मिळतात, आणि लग्नाच्या कार्यालयात ध्वनिक्षेपकावरून नवरामुलगाही उखाणा घेतो.